बोटीचं रिगिंग : तारा चकचकीत आहेत, तरी बदलायच्या का?

हौशी_नाखवा
नमस्कार मंडळी. इथे गड-किल्ले, गाड्या, गच्चीवरची बाग सगळ्यावर धागे सापडले, शिडाच्या बोटीवर काहीच नाही. म्हणून हा प्रपंच.

मी आणि एका मित्राने भागीदारीत सॅन फ्रान्सिस्को बेमध्ये जुनी बोट घेतली आहे. १९८४ ची, ३० फुटी, फायबरग्लासची, एका डोलकाठीची. मुक्काम अलामेडा. विम्याच्या नूतनीकरणाला कंपनीने सर्व्हे मागितला. सर्व्हेअर आला, खालून-वरून फिरला आणि अहवालात लिहून गेला, 'स्टँडिंग रिगिंगचं वय माहीत नाही, बदलावं.' म्हणजे डोलकाठीला उभं धरणाऱ्या सगळ्या तारा: पुढचा फोरस्टे, मागचा बॅकस्टे, दोन्ही अंगांचे श्राउड, आणि त्यांच्या टोकांचा सगळा सरंजाम. रिगरने (या तारांचं काम करणाऱ्या कारागिराने) सांगितलेला आकडा बोटीच्या किमतीच्या निम्म्याला टेकतोय.

तारा स्टेनलेसच्या आहेत. चकचकीत. एक धागा तुटलेला नाही. आधीचा मालक म्हणतो, त्याने बोट घेतली तेव्हापासून याच आहेत, म्हणजे वीसेक वर्षं तरी झाली. मला तर हे विमावाले आणि रिगर यांचं साटंलोटं वाटतं. धडधाकट दिसणारी वस्तू का बदलायची? आणि आपली आपण तपासायची तर नेमकं कुठे बघायचं?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. 'बोट विकून टाक' हा सल्ला घरून रोज मिळतो, तो कृपया नको.

बोरूबहाद्दर
पहिला!
विषयातलं ओ की ठो कळत नाही. माझं दर्यावर्दीपण भाऊच्या धक्क्यावर सुरू होऊन रेवसला संपतं. कोपऱ्यात बसून वाचतो.

धातुवाला_भोसरी
नाखवा, बोटीतलं मला कळत नाही, पण स्टेनलेसमध्ये केस पांढरे झालेत, म्हणून बोलतो.

स्टेनलेस गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो, दुधावरच्या सायीसारखा. खरवडला तरी पुन्हा धरतो. पण धरायला त्याला ऑक्सिजन लागतो. उघड्यावरच्या तारेला तो भरपूर मिळतो, म्हणून तुमची तार चकचकीत. आता जिथे ती टर्मिनलच्या (टोकाला बसवलेल्या जोडाच्या) नळीत शिरते तिथे बारीक फट असते. त्या फटीत खारं पाणी साचून राहतं, ऑक्सिजन संपतो, क्लोराइड साठतं, पाणी आम्लधर्मी होतं आणि थर पुन्हा धरतच नाही. आत खड्डे पडत जातात. बाहेर पत्ता नाही. याला क्रेव्हिस करोजन म्हणतात.

त्यात ती नळी प्रचंड दाबाने तारेवर बसवलेली, म्हणजे धातूत ताण आधीपासूनच मुरलेला. ताण अधिक क्लोराइड, म्हणजे भेग पडायला पोषक हवामान.

थोडक्यात, तुम्ही मधली तार बघून खूश आहात आणि आजार टोकाला आहे.

सोलंटची_सून
धातुवाले काका, दंडवत! आमच्या रिगरने मला हे सांगायला दोन वर्षं घेतली.

नाखवा, आम्ही साउदॅम्प्टनला. इकडे दहा वर्षं झाली की बऱ्याच विमा कंपन्या प्रश्न विचारायला लागतात. काही सरळ सांगतात, बदला, नाहीतर डोलकाठी पडल्यास भरपाई नाही. साटंलोटं म्हणा, पण पडताना डोलकाठी एकटी पडत नाही. शिडं, रडार, रेलिंग, कधी डेकचा तुकडा, सगळं घेऊन जाते.

तपासणीचं म्हणाल तर खालच्या टोकापासून सुरुवात करा. पाणी तारेवरून ओघळत खाली येतं आणि खालच्या टर्मिनलच्या तोंडात साठतं. वरच्या टर्मिनलचं तोंड खाली असल्याने तिथलं गळून जातं. म्हणून खालची आधी जातात. टर्मिनल घासून लख्ख करा आणि भिंग घेऊन बघा. नळीवर उभी, केसाइतकी भेग दिसली तर तिथेच थांबा, ती तार गेली. नळी किंचित वाकलेली दिसली तर ती बसवतानाच चुकली आहे. नंतर टिश्यू पेपरचा बोळा हातात धरून तारेवरून वर-खाली फिरवा. एखादा धागा तुटला असेल तर कागद अडकतो. हाताने करू नका, माझ्या नवऱ्याच्या तळव्यावर अजून वण आहे.

तारेत एकूण १९ धागे असतात: मधे एक, त्याभोवती सहा, बाहेर बारा. बाहेरचा एक तुटलेला दिसला की तार बदलायची, 'अजून अठरा आहेत' म्हणायचं नाही. बहुतेक वेळा तुटतो तोही टर्मिनलच्या तोंडाशी.

बोरूबहाद्दर
'अजून अठरा आहेत' हे आमच्या सोसायटीच्या लिफ्टच्या सेक्रेटरीचं वाक्य आहे. तुम्हाला कुठे भेटला?

हौशी_नाखवा
धातुवाले, सोलंटताई, मनापासून आभार. पण तारांवर मध्येच थोडे तपकिरी डाग आहेत, तेही कापडाने पुसले की जातात. मग हा साधा डाग की रोग? आणि माझा भागीदार म्हणतो चुंबक लावून बघ, चिकटला तर माल ३०४ जातीचं स्टेनलेस, नाही तर ३१६. ३१६ निघाला तर निश्चिंत ना?

धातुवाला_भोसरी
भागीदाराला माझा नमस्कार सांगा आणि चुंबक फ्रीजवर परत लावायला सांगा.

३०४ आणि ३१६ दोन्ही मुळात चुंबकाला दाद देत नाहीत. पण तार ओढताना धातू थंड अवस्थेत ताणला जातो, त्याने त्याची आतली रचना थोडी बदलते आणि मग तो चुंबकाला थोडाफार चिकटू शकतो. ३०४ जास्त, ३१६ कमी. बारीक तारेवर यातून काही ठरत नाही. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्याने खाऱ्या पाण्यात टिकाव वाढतो, पण फटीतला गंज त्यालाही सुटत नाही. गंमत म्हणजे त्याच जाडीची ३०४ ची तार ताकदीला ३१६ पेक्षा थोडी सरसच निघते.

मधल्या तारेवरचा पुसला जाणारा डाग बहुतेक वरवरचा. टर्मिनलच्या तोंडातला डाग पुसून चार दिवसांनी पुन्हा तिथेच उगवला, तर तो आतून येतोय.

शंका असेल तर डीपी (डाय पेनेट्रंट) टेस्ट करा. तीन डबे मिळतात. आधी स्वच्छ करायचं, मग लाल रंग फवारून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, वरचा रंग नीट पुसायचा आणि पांढरी पावडर मारायची. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. आमच्याकडे क्रँकशाफ्टवर रोज चालतं. मात्र पृष्ठभागापर्यंत आलेलीच भेग दिसते, नळीच्या पोटातली नाही.

कुलाबा_कट्टा
वरचं सगळं बरोबर, पण हे थंड देशांचं गणित झालं. मुंबई बंदरात ऊन, दमट हवा आणि वर काजळी. इथे दहा वर्षांची वाट बघितली तर डोलकाठी तुमची वाट बघणार नाही. आमच्या बोटी पावसाळ्याआधी किनाऱ्यावर ओढतात, तेव्हाच डोलकाठी उतरवतो. आडवी घोड्यांवर टाकली की सगळी टोकं हाताशी येतात, वर चढायला नको. गोड्या पाण्याने धुणं हाच अर्धा मेंटेनन्स, कारण मीठ वाळून बसलं की दमट हवेत परत पाणी धरतं.

आणि टेप! टर्नबकलवर (तारेचा ताण कमी-जास्त करायच्या आट्यांच्या जोडावर) पांढरी टेप गुंडाळून ठेवणारे सज्जन जागोजागी भेटतात. शीड फाटू नये हा हेतू चांगला, पण टेपखाली पाणी कोंडतं आणि धातुवाल्यांनी सांगितलेला सगळा प्रकार आपल्या पैशाने तिथे घडतो. स्प्रेडरच्या (श्राउड बाहेर फाकवणाऱ्या, डोलकाठीवरच्या आडव्या दांड्यांच्या) टोकांवरच्या रबरी टोप्यांचंही तेच. वर्षातून एकदा काढून आत बघा.

ऑकलंडकर
मी जरा वेगळा सूर लावतो. सरसकट 'दहा वर्षं झाली, बदला' हा आळशीपणा आहे. दर शनिवारी शर्यतीत पिळून निघालेली सहा वर्षांची बोट आणि गोदीत झोपा काढलेली पंधरा वर्षांची बोट एकच कशी? तार मरते ती हेलकाव्यांनी. ज्या बोटीचे श्राउड ढिले, तिथे प्रत्येक वळणाला वाऱ्याआडची तार लोंबते आणि परत झटका खाते. लोक घट्ट ताणायला घाबरतात, खरं तर जास्त रिगिंग ढिलेपणानेच जातं.

ताण मोजायला महागडं यंत्र नको. तार हाताने सरळ होईल एवढी घट्ट करा. तिला दोन मीटरची पट्टी लावा, वरचं टोक टेपने चिकटवा, खालच्या टोकाशी तारेवर खूण करा. आता टर्नबकल फिरवत जा. दोन मीटरमध्ये तार एक मिलिमीटर लांबली की तुटण्याच्या भाराच्या पाच टक्के ताण आला. तीन मिलिमीटर म्हणजे पंधरा टक्के, वरच्या श्राउडला तेवढा साधारण पुरे. सहा मिलिमीटरची तार सुमारे तीन टनाला तुटते, म्हणजे बोट धक्क्याला उभी असतानाच साडेचारशे किलो ओढ. शेवटचा निवाडा पाण्यावर: चांगल्या वाऱ्यात बोट कलली असताना वाऱ्याआडचा श्राउड लोंबकळायला नको.

आणि नाखवा, तुम्ही तारांची चर्चा करताय, पण चेनप्लेट १९८४ च्याच असणार. डेकमधून खाली जाणाऱ्या त्या पट्ट्या कोणी काढून बघितल्यात का? नव्या तारा चाळीस वर्षांच्या पट्ट्यांना बांधणारे मी पाहिलेत. जिथे पट्टी डेकमधून जाते तिथलं सीलंट कडक होतं, पाणी मुरतं, आणि ती गंजते नेमकी डेकच्या जाडीत. वरूनही दिसत नाही, केबिनमधूनही नाही.

सोलंटची_सून
ऑकलंडकर, ढिलेपणाला +१, पण वयाच्या मुद्द्यावर असहमत. ज्याचं वय माहीत आहे त्याच्याबद्दल तुम्ही म्हणता तसा विचार करता येतो. यांच्या तारांचा इतिहासच कोणाला ठाऊक नाही. किती वादळं खाल्ली, कधी कोणाला धडकली, काहीच नाही. अशा वेळी वय हाच एक आधार उरतो.

तांडेलाचा_नातू
आमचे आजोबा रत्नागिरी-मुंबई मचव्यावर तांडेल होते. कौलं, लाकूड, मीठ. त्यांच्याकडून ऐकलेलं सांगतो. मचव्याची डोलकाठी किंचित पुढे झुकलेली, तिच्यावर लांबलचक परबाण (शिडाचा वासा) तिरकं टांगलेलं. बाजूला कायमची तार वगैरे नाहीच. काथ्याचे जाड दोर, त्यांना कप्प्या, आणि ते नेहमी वाऱ्याकडच्या बाजूला बांधायचे. वारा फिरला किंवा बोट फिरवली की परबाण डोलकाठीच्या पुढून दुसऱ्या बाजूला न्यायचं आणि दोरही सोडून पलीकडे बांधायचे. माणसं घामाघूम. पण दोर रोज हाताखालून जायचा, त्यामुळे कुठे झिजलाय ते न बघता कळायचं. खराब झाला की त्याच दिवशी बदली, आणि जुन्याचं पायपुसणं.

बोरूबहाद्दर
नातू, यावर स्वतंत्र लेख पाहिजे. प्रतिसादात उरकू नका.

तांडेलाचा_नातू
मामाकडे काही फोटो आहेत, दिवाळीत गावी गेलो की बघतो. पुभाप्रचं ('पुढील भागाच्या प्रतीक्षेत'चं) ओझं आत्ताच टाकू नका.

गोवेकर_गप्पिष्ट
अवांतर: अभिलाष टॉमींची डोलकाठी मोडली होती ना? मग नौदलाच्या माणसाची ही गत तर आपलं काय! तिकडे कोणी तपासलं नव्हतं का?

कुलाबा_कट्टा
गप्पिष्ट, तिथे तपासणीचा संबंध नाही. २१ सप्टेंबर २०१८, दक्षिण हिंदी महासागर, एकट्याने जगप्रदक्षिणा करायची गोल्डन ग्लोब शर्यत. भयानक वादळात टॉमींची बोट 'थुरिया' उलटीपालटी झाली. बोट अशी फिरली की डोलकाठी पाण्यात आपटते, तेव्हा तार नवी असली काय नि जुनी असली काय. टॉमींच्या पाठीला गंभीर इजा झाली, फ्रेंच जहाज 'ओसिरिस'ने २४ तारखेला सोडवलं. त्याच वादळात आयरिश स्पर्धक ग्रेगर मॅकगकिनची डोलकाठीही गेली. आणि हेच टॉमी पुढच्या शर्यतीत परत उतरून २०२३ मध्ये दुसरे आले, हे पण लिहा की!

थुरिया तुमच्या गोव्यातच बांधलेली, एकट्याने न थांबता जगप्रदक्षिणा करणाऱ्या पहिल्या माणसाच्या, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनच्या 'सुहैली' बोटीची प्रतिकृती. आणि मूळ सुहैली मुंबईत बांधलेली, सागवानी.

ऑकलंडकर
त्याच शर्यतीतली धाग्याला धरून असलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. ज्याँ-ल्युक वान दँ हीड, वय ७३, आघाडीवर. नोव्हेंबरमध्ये दक्षिण पॅसिफिकमध्ये बोट जोरात आडवी झाली. डोलकाठी उभीच राहिली, पण खालचे श्राउड जिथे डोलकाठीला अडकवतात तिथला बोल्ट काठीचा पत्रा चिरत सुमारे पाच सेंटिमीटर खाली सरकला. तारा शाबूत, टर्मिनल शाबूत, आणि तरी सगळे खालचे श्राउड ढिले! गडी त्या समुद्रात एकट्याने वर चढला, दोरांनी बांधाबांध केली, पुन्हा पुन्हा चढून ती तपासत राहिला, आणि जानेवारी २०१९ मध्ये शर्यत जिंकला.

तेव्हा टर्मिनलपाशी थांबू नका. तार डोलकाठीला जिथे धरते तिथलं भोक लांबट झालंय का, पत्र्याला त्या भोवती भेग आहे का, हे वर जाऊन बघायलाच हवं.

मीनल_१२
७३ व्या वर्षी?? माझे सासरे ६८ व्या वर्षी माळ्यावर चढले तर आम्ही घर डोक्यावर घेतो.

नाखवा, पण वर कोण चढतं तुमच्याकडे? ड्रोनने फोटो काढून नाही का चालणार?

हौशी_नाखवा
मीनलताई, भागीदार वजनाने हलका असल्याने हा मान एकमताने (म्हणजे माझ्या) त्याला दिला आहे. ड्रोन त्याच्या मुलीकडे आहे, तेही करून बघू.

सोलंटची_सून
ड्रोनने मोडतोड दिसते, भेग नाही. चढायचंच असेल तर दोन स्वतंत्र दोर घ्या, एक खुर्चीला, दुसरा अंगावरच्या हार्नेसला. झटपट उघडणाऱ्या शॅकलवर (कडीवर) भरवसा नको, दोर सरळ बोलाइन गाठीने बांधा. हत्यारं सुतळीने खुर्चीला, आणि खाली त्या वर्तुळात कोणी उभं राहायचं नाही. खाली विंचवर (दोर ओढायच्या गिरकीवर) असलेल्या माणसाने फोन बाजूला ठेवायचा. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

पुढचं शीड गुंडाळायचा फर्लर आहे का? असला तर फोरस्टे त्याच्या नळीत झाकलेला असतो, दिसतच नाही. वर शीड ओढणारा दोर (हॅलयार्ड) फोरस्टेशी फार समांतर असेल तर फर्लर फिरवताना तो त्याच्याभोवती गुंडाळला जातो आणि फोरस्टेचे पीळ उकलतात. फर्लर अडकला तर विंच लावून जबरदस्ती करू नका.

हौशी_नाखवा
मंडळी, ताजी खबर.

भागीदार वर जाऊन आला. भोकं ठीक, स्प्रेडर ठीक, एका रबरी टोपीत मात्र हिरवट चिखल. खाली सगळी टर्मिनलं घासली. डाव्या मधल्या श्राउडच्या खालच्या नळीवर डीपी टेस्टला बोटाच्या पेराएवढी लाल रेघ उमटली. नुसत्या डोळ्यांनी मी तिथे काही नाही असं शपथेवर सांगितलं असतं.

मग ऑकलंडकरांचं ऐकून एक चेनप्लेट काढली. त्या श्राउडच्या जागी आधी हॅलयार्डने डोलकाठीला आधार दिला. बोल्ट सुटायला अख्खी दुपार गेली. पट्टीचा वरचा भाग आरशासारखा, खालचाही. मधे, डेकच्या जाडीएवढ्या पट्ट्यात, काळपट तपकिरी पापुद्रा. तो खरवडला तर खाली बारीक बारीक खड्डे, आणि एक खड्डा बोल्टच्या भोकाच्या काठापर्यंत पोचलेला. नखाने चाचपलं तर नख अडकतं. डेकच्या आतलं प्लायवूड ओलं, दाबलं तर पाणी येतं.

सगळ्या पट्ट्या काढून नव्या करायला टाकतोय, त्याच मापाच्या पण किंचित जाड. तारा पण सगळ्याच बदलायच्या. साटंलोट्याबद्दलचं मत कायम आहे, कारण सर्व्हेअरने चेनप्लेटबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं.

धातुवाला_भोसरी
नख अडकतं म्हणालात, तिथेच विषय संपला. जुन्या पट्ट्या पॉलिश करून परत बसवा असं कोणी सुचवलं तर त्याच्याशी वाद घालू नका. खड्डा दिसतो त्याहून खोल असतो.

कुलाबा_कट्टा
प्लायवूड आधी पूर्ण वाळवा, कुजलेलं खरवडून एपॉक्सीने भरा, मगच नवी पट्टी. नाहीतर त्याच ओल्यात नवं सोनं पुरल्यासारखं होईल.

टर्नबकल घेताना ब्राँझचा गाळा असलेले बघा. स्टेनलेसवर स्टेनलेस आटे असले की कधीतरी असे जाम होतात की करवतच लागते. आट्यांना लॅनोलिन (लोकरीची चरबी) लावा. स्प्लिट पिनची टोकं किंचितच फाकवा, पूर्ण मागे वळवून चापू नका, अडचणीच्या वेळी काढता आली पाहिजे.

गोवेकर_गप्पिष्ट
हल्ली डायनीमाचे (कृत्रिम धाग्याचे) दोर लावतात ना तारेऐवजी? वजनाला हलके, गंजायचा प्रश्नच नाही.

ऑकलंडकर
लावतात, मी स्वतः मागच्या बाजूला वापरतो. पण उन्हाने आणि घासण्याने झिजतो, सतत ताणाखाली हळूहळू लांबत जातो, म्हणून ताकदीच्या हिशोबापेक्षा बराच जाड घ्यावा लागतो. विमा कंपनीला काय वाटेल ते आधी विचारा. नाखवांसाठी मी तारच म्हणेन. नवी तार सुरुवातीला थोडी बसते, तेव्हा पहिल्या काही फेऱ्यांनंतर पट्टी लावून पुन्हा ताण बघा. उन्हाळ्यातल्या दुपारी गोल्डन गेटमधून येणाऱ्या त्या वाऱ्यात जायच्या आधी नक्की.

हैदराबादी_हेलकावा
सगळा धागा वाचला. आम्ही हुसेनसागरवर लेझर (एकट्याची छोटी शिडाची बोट) चालवतो. दोन तुकड्यांच्या डोलकाठीवर शीड चढवायचं, ती भोकात खोचायची आणि निघायचं. स्टे नाही, श्राउड नाही, चेनप्लेट नाही, सर्व्हेअर नाही. नाखवा, विचार करा!

हौशी_नाखवा
हेलकावा, विचार केला. लेझरवर बायको, दोन पोरं, सासूबाई आणि इडलीचा डबा कुठे ठेवू तेवढं सांगा.

हैदराबादी_हेलकावा
इडलीचा डबा मांडीवर. बाकीच्यांना रेवसच्या बोटीत बसवा, बोरूबहाद्दर आहेतच सोबतीला.